पंधरा पेल्यांचा इन्साफ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवीत आला आहात, त्यांचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सहवासात गेले. म्हणून त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी मी बुद्धिपुरस्सर असा विषय निवडला आहे की ज्याला विद्वत्सभेत सहसा स्थान मिळत नाही, परंतु ज्याच्यापायी या रोहा तालुक्यातल्या कितीतरी घरांची संध्याकाळ रोज नासत असते. जे मूल आपल्या वस्तू एकसारख्या हरवते आणि हाती येईल ते फोडते, त्या मुलाशी आपण कसे वागावे, हा तो विषय.

चित्र आपल्या परिचयाचे आहे. जूनमध्ये घेतलेली छत्री श्रावण सरेपर्यंत टिकत नाही. पाण्याची नवी बाटली आठवडाभरात झाकणावाचून घरी येते. कंपासपेटीतला कर्कटक आधी जातो आणि त्याच्या मागोमाग पेटीही जाते. खोडरबराचा तर हिशेबच ठेवू नये. घरात काचेचा पेला, आजोबांचा चष्मा, कपाटाची मूठ, आणि अलीकडे वडिलांच्या मोबाइलची काच, यांतले काही ना काही दर पंधरवड्याला बळी पडते. मग आई कपाळाला हात लावून म्हणते, ‘याच्या हातात काही टिकेल तर शपथ!’ वडील विचारतात, ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ या प्रश्नाला मुलाजवळ उत्तर नसते, कारण आपले लक्ष कोठे होते हे ज्याला सांगता येईल त्याची छत्री मुळात हरवलीच नसती. उत्तर येत नाही म्हणून प्रश्न पुन्हा विचारला जातो, आवाज चढवून विचारला जातो, आणि कालांतराने त्या मुलाला ‘वेंधळा’, ‘धांदरट’, ‘धसमुसळा’ यांपैकी एक नाव कायमचे चिकटते. त्या नावाने त्याला पाहुण्यांसमोरही ओळखले जाते.

मी पुष्कळ वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले आहे. अशी नावे घेऊन वर्गात आलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासंबंधी काही मुद्दे आज क्रमाने मांडावे असा विचार आहे.

पहिला मुद्दा न्यायाचा. आपले मराठी घर न्यायी असते, निदान न्यायी असावे अशी त्याची इच्छा असते. परंतु वस्तू फुटली त्या क्षणी त्या घरात काय घडते? फिर्याद दाखल होते, पंचनामा होतो, नुकसानीचा आकडा ठरतो आणि निकालही लागतो. आरोपीची जबानी मात्र राहून जाते, किंवा शिक्षा सुनावल्यानंतर घेतली जाते. आणि शिक्षेचे प्रमाण कशावर ठरते? स्टीलचा डबा पडला तर एक शब्द, काचेची बरणी फुटली तर दहा शब्द, आणि मोबाइल फुटला तर हात उगारला जातो. हात तोच, घसरणे तेच, मुलाचे वय तेच. बदलली ती केवळ वस्तूची किंमत. हा न्याय आहे काय?

जिनिव्हा येथील मानसशास्त्रज्ञ झ्याँ पियाजे यांनी 1932 साली मुलांच्या नैतिक निर्णयशक्तीविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथासाठी त्यांनी लहान मुलांना दोन गोष्टी सांगून मते विचारली होती. पहिल्या गोष्टीतल्या मुलाला जेवायला हाक येते, तो दार लोटून आत जातो, दारामागे खुर्चीवर तबक ठेवलेले असते याची त्याला कल्पनाही नसते, दाराचा धक्का लागतो आणि तबकातले पंधराच्या पंधरा पेले फुटतात. दुसऱ्या गोष्टीतला मुलगा आई घरी नाही असे पाहून कपाटातला मुरंबा चोरून काढावयास खुर्चीवर चढतो, हात लांबवितो आणि त्याच्याकडून एक पेला फुटतो. पियाजे यांनी विचारले, या दोघांत अधिक दोषी कोण? लहान मुले बहुधा म्हणत, पंधरा फोडणारा. वयाने मोठी मुले म्हणत, चोरून मुरंबा काढणारा. म्हणजे नुकसान मोजून दोष ठरविणे ही न्यायबुद्धीची बाल्यावस्था आणि हेतू पाहून दोष ठरविणे ही तिची पुढची पायरी. मूल सहासात वर्षांचे असताना पहिल्या पायरीवर असते आणि नऊदहा वर्षांचे होईतो दुसरीवर चढू लागते.

आता आपण आपल्या घरातले निकाल आठवून पाहा. मोबाइल फुटला तेव्हा आपण कोणत्या पायरीवर उभे होतो? मुलगा पाणी आणून देण्यासाठी धावत येत होता की मनाई असताना चोरून खेळत होता, हे विचारण्यापूर्वीच आपण दुरुस्तीचा खर्च उच्चारला होता की नाही? पंधरा पेल्यांचा इन्साफ पाच वर्षांच्या मुलाने केला तर ते त्याच्या वयाला शोभते. पस्तीस वर्षांच्या पित्याने तोच इन्साफ केला तर समोरचे मूल त्याच पायरीवर थांबून राहण्याचा संभव असतो, कारण दुसरी पायरी त्याला घरात कोणी दाखविलेलीच नसते.

कायदा याबाबतीत आपल्या घरांहून अधिक उदार आहे. 1860 सालच्या भारतीय दंड संहितेने 82 व्या कलमात सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध मानावयाचे नाही असे ठरविले, आणि 83 व्या कलमात सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज पुरेशी परिपक्व झाली नसेल तर त्यालाही तीच सवलत दिली. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तत्त्वे कलम 20 व 21 म्हणून कायम आहेत. शाळेच्या बाबतीत 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे 17 वे कलम शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळासही मनाई करते. जे सरकारी कचेरीत आणि शाळेत मान्य झाले आहे, ते स्वयंपाकघरात मान्य होण्यास आणखी किती काळ जावा?

या तालुक्याला हिशेबाचे मोल शिकविण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि पुढे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख हे याच भूमीचे. रोहेकर त्यांचे नाव आजही घरच्या माणसासारखे घेतात. हिशेब ठेवावाच, फुटलेल्या वस्तूचाही ठेवावा. माझे म्हणणे एवढेच आहे की तो हिशेब वहीत राहावा, मुलाच्या अंगावर तो वसूल केला जाऊ नये.

आता दुसरा मुद्दा: वस्तू हरवतात का? येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आपल्या कोकणच्या पावसाळ्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या डोळ्यांसमोर ठेवले असूनही आपण ते फारसे वाचीत नाही.

छत्री कोणत्या महिन्यात हरवते? आषाढात फारशी हरवत नाही. आषाढात सकाळी पाऊस, दुपारी पाऊस, शाळा सुटते तेव्हाही पाऊस. मूल दारापर्यंत येते, बाहेर धारा लागलेल्या पाहते आणि छत्रीसाठी मागे वळते. छत्री हरवते ती श्रावणात. सकाळी पावसाची सर होती म्हणून ती बरोबर आली. चार वाजता ऊन पडले, मैदान चमकू लागले, मित्रांनी हाक मारली, आणि छत्रीची आठवण करून देणारे जगात काहीही उरले नाही. मुलाची बुद्धी आषाढात जितकी होती तितकीच श्रावणात आहे. त्याचा स्वभाव महिन्याभरात बिघडला नाही. बाहेरून मिळणारी खूण तेवढी नाहीशी झाली.

पुढे करावयाची गोष्ट योग्य क्षणी आपोआप आठवणे हे स्मरणशक्तीचे एक निराळे आणि अवघड काम आहे. पाढे पाठ असणे वेगळे आणि वर्गातून बाहेर पडताना डबा आठवणे वेगळे. ज्याला पंधराचा पाढा घडाघडा येतो त्याचा डबा बाकाखाली राहतो, आणि शिक्षक नवल करतात. त्यात नवल नाही. योजना आखणे, मनाला आवरणे, एक काम करताना दुसरे ध्यानात धरणे ही कामे मेंदूच्या कपाळामागील भागाकडे असतात, आणि त्या भागाची वाढ पूर्ण होण्यास वयाची पंचविशी उजाडते. आपण सात वर्षांच्या मुलाकडून जे मागतो, त्याची पुरती सामग्री निसर्गाने अजून त्याच्या हवाली केलेली नाही. मोठी माणसे तरी खुणेवाचून कोठे चालतात? कोणी पदराला गाठ मारतो, कोणी किल्ली खुंटीला लावतो, कोणी सामानाची यादी खिशात ठेवतो. या खुणा आपण स्वतःसाठी करतो आणि मुलाने मात्र खुणेवाचून आठवावे असा आग्रह धरतो.

म्हणून हरवण्यावरचा उपाय ‘लक्ष ठेव’ असे शंभरदा बजावण्यात मला दिसत नाही. जेथून वस्तू सुटतात त्या जागी खूण निर्माण करण्यात तो आहे. वर्गाच्या दाराबाहेर वीसपंचवीस काळ्या छत्र्या भिजून टेकलेल्या असतात. सगळ्या सारख्या, सगळ्यांच्या मुठी वाकलेल्या. त्यांत आपली कोणती हे मोठ्या माणसालाही सांगता येणार नाही. एका पावसाळ्यात एका आईने मुलीच्या छत्रीच्या मुठीला लाल लोकरीचा जाड दोरा गुंडाळून दिला आणि त्याच लोकरीचा एक तुकडा तिच्या दप्तराच्या पट्ट्याला बांधला. दप्तर खांद्यावर घेताना मुलीच्या हाताला लोकर लागे आणि ती दाराकडे पाही. त्या पावसाळ्यात ती छत्री हरवली नाही. आईने मुलीला एक शब्दही बोलून दाखविला नव्हता. तिने मुलीच्या हाताच्या वाटेवर खूण ठेवली होती.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. आपण लहान असताना शाळेत किती वस्तू नेत होतो? पाटी, पेन्सिल, एखादे पुस्तक, आणि पावसाळ्यात डोक्यावर इरले किंवा घरातली सामाईक छत्री. आजच्या दुसरीतल्या मुलाच्या ताब्यात दप्तर, डबा, डब्याची पिशवी, बाटली, कंपासपेटी आणि तिच्यातले सहासात जिन्नस, रेनकोट, ओळखपत्र, रुमाल, वह्या, पुस्तके, इतका सरंजाम असतो. एवढ्या मालमत्तेची जबाबदारी सात वर्षांच्या माणसावर टाकून ती बिनचूक सांभाळावी अशी अपेक्षा करणे, हे त्याच्या वयाला न झेपणारे ओझे लादणे आहे. ज्या मुलाच्या वस्तू हरवतात त्याच्या वस्तू प्रथम कमी कराव्या. एक पेन्सिल, एक खोडरबर, एक पट्टी. पेटी मागाहून.

तिसरा मुद्दा फोडण्याचा. आणि तो हरवण्याहून निराळा आहे. हरवणे हे आठवणीचे काम, फोडणे हे हाताचे.

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात फुटण्यासारखे काय होते? तांब्या पितळेचा, घागर तांब्याची, वाटी काशाची, पातेले कल्हई केलेले. धसमुसळ्या नातवाच्या हातून तांब्या पडला तर आवाज झाला, फार तर पोचा आला. आजीने तांब्या उचलून पुन्हा फळीवर ठेवला. मडके फुटे, लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटे, नाही असे नाही. पण बरणीला हात लावण्याची मुलांना मनाईच होती. आज घरातली निम्मी मालमत्ता काचेची, पातळ प्लॅस्टिकची आणि विजेच्या तारांची आहे. मुलांचे हात पूर्वीइतकेच अडखळतात. घरे अधिक भंगुर झाली. मग आपण म्हणतो, आजकालची मुलेच धांदरट. मला हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो.

असे असूनही, फुटेल अशी प्रत्येक वस्तू मुलापासून दूर ठेवावी असे मी सांगणार नाही. येथे एका विदुषीची साक्ष काढतो. मारिया माँटेसरी या इटलीतल्या डॉक्टर बाईंनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांनी तेथे मुलांना खऱ्या चिनी मातीच्या बश्या आणि खरे काचेचे पेले दिले, आणि मेजखुर्च्या मुद्दाम हलक्या करविल्या, इतक्या हलक्या की धक्का लागला तर कलंडाव्या. कारण विचारले असता त्यांचे म्हणणे असे की जड मेज धक्का सोसते आणि मुलाची चूक झाकते. हलके मेज कलंडते आणि मुलाला त्याची चूक शिक्षकाने न बोलता कळते. चार वर्षांची मुले तेथे जेवणाची भांडी मांडीत आणि वाढप करीत. जो कधीच न फुटणारा पेला हातात धरतो, तो जपून धरण्याचे शिक्षण त्याला कोण देणार?

ही विद्या महाराष्ट्रात आली ती ताराबाई मोडकांच्या हातांनी. भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी काम केले. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. आणि 1945 साली बोर्डी येथे, अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन, त्यांनी गावातल्या गरीब मुलांसाठी बालवाडी सुरू केली, जी पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये रुजली. परदेशी पद्धतीची महाग साधने तेथे परवडणारी नव्हती. ताराबाईंनी शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, बांबू यांची साधने केली. त्या निर्णयातली काटकसर सर्वांना दिसते. मला त्यात आणखी एक शहाणपण दिसते. शिंपला फुटला तर समुद्रावर दुसरा आहे. वस्तू जेथे मोलाने भयंकर नसते, तेथे शिक्षक मुलाला ती मोकळेपणी हाताळू देतो. आणि मोकळेपणी हाताळल्याशिवाय हात शहाणा होत नाही. खऱ्या वस्तू द्याव्या, फुटण्यासारख्या द्याव्या, पण त्या फुटल्या तर आपला जीव जाणार नाही अशा द्याव्या, हे सूत्र कोसबाडने घालून दिले आहे असे मी मानतो.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्या शेजारी पेण आहे. पेण, हमरापूर, जोहे या गावांतल्या गणपतीच्या कारखान्यांत फुटण्यासारख्या वस्तूंच्या रांगा लागलेल्या असतात, आणि त्या रांगांमधून घरातली मुले येजा करीत असतात. तेथे मूल उभे कसे राहते ते पाहावे. कच्ची मूर्ती उचलताना एक हात पाटाखाली जातो आणि दुसरा मूर्तीच्या पाठीशी. सोंडेला धरावयाचे नाही, हाताला धरावयाचे नाही, चालताना पायाखाली पाहावयाचे आणि वळण्याआधी थांबावयाचे. हे कोणी व्याख्यान देऊन शिकवीत नाही. मोठ्या माणसाच्या मागोमाग, आधी रिकामा पाट, मग वीतभर मूर्ती, मग हातभर मूर्ती, अशा क्रमाने हात तयार होतो. मधेच एखादी निसटतेही. रंग न लागलेला कच्चा शाडू असेल तर तुकडे पाण्यात भिजतात, मळले जातात आणि पुन्हा साच्यात जातात. ज्याच्या हातून मूर्ती पडली त्यालाच माती मळावयास बसविले तर त्याने जे मोडले ते त्याच्याच श्रमाने पुन्हा उभे राहते. पेणच्या कारखान्यात मोडण्याची भरपाई अशी करता येते, हे मला शिक्षणशास्त्रातल्या पुष्कळ ग्रंथांहून मोलाचे वाटते.

आता घरात प्रत्यक्ष काय करावे, ते थोडक्यात सांगतो, कारण हे आपण सर्व जाणता. प्रत्येक वस्तूला एक जागा असावी, ती मुलाच्या हाताला पोचेल अशी असावी, आणि जागा ठरविताना मुलाला विचारलेले असावे. शाळेतून निघताना म्हणावयाची मोजणी असावी, ‘दप्तर, डबा, बाटली, छत्री’, बोटावर मोजून, रोज त्याच क्रमाने. फुटलेल्या काचेचे तुकडे वडील माणसाने उचलावे, पण सांडलेले पाणी मुलाने पुसावे. फाटलेले पुस्तक दोघांनी मिळून चिकटवावे. हरवलेली वस्तू शोधावयास दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर जावे. नवी वस्तू त्याच संध्याकाळी आणून देऊ नये आणि महिनाभर अडवूनही ठेवू नये. मुलाच्या साठविलेल्या पैशांतून काही वाटा घ्यावा काय? दहा वर्षांच्या मुलाकडून, आगाऊ ठरवून, अल्प प्रमाणात घेण्यास हरकत नाही; सहा वर्षांच्या मुलाकडून घेऊ नये. आणि जे मूल ‘माझ्या हातून फुटलं’ असे स्वतः येऊन सांगते, त्याला त्या दिवशी कोणतीही शिक्षा करू नये. त्याने सत्याची किंमत मोजलेली आहे. त्याच्यावर दुसरी वसुली लादली तर पुढच्या वेळी तुकडे कपाटामागे सापडतील.

चौथा मुद्दा नाजूक आहे, आणि तो मी आईबापांना हात जोडून सांगतो. हे सगळे केल्यावरही, वर्षभर प्रेमाने आणि चिकाटीने केल्यावरही, काही मुलांच्या वस्तू हरवतच राहतात आणि हातून फुटतच राहतात. त्या मुलांत शिस्तीचा अभाव शोधू नये. अवधान टिकविण्याची अडचण म्हणून वैद्यकशास्त्राने जी अवस्था मान्य केली आहे, तिच्या लक्षणांच्या यादीत कामाच्या वस्तू वारंवार हरवणे हे एक लक्षणच दिलेले आहे. अर्थात एकट्या लक्षणावरून निदान होत नाही, अशी सहा लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसावी लागतात, आणि त्यांची सुरुवात बाराव्या वर्षाच्या आत झालेली असावी लागते. हातापायांच्या हालचालींचा मेळ न बसण्याची निराळी अडचण असते. ती शाळकरी वयाच्या शंभर मुलांत पाचसहांना असते असा अंदाज आहे, म्हणजे मोठ्या वर्गात दोनतीन मुले. आणि कित्येकदा कारण याहून साधे असते: मुलाला नीट दिसत नसते. एक डोळा अधू असला तर पेला किती अंतरावर आहे हे कळत नाही, हात पुढे जातो आणि पेला पडतो. असे मूल स्वतः तक्रार करीत नाही, कारण इतरांना कसे दिसते हे त्याला ठाऊक नसते.

अशा मुलाची तपासणी करून घेण्यासाठी पैशांची अडचण सांगण्याचे आता कारण उरलेले नाही. 2013 च्या फेब्रुवारीत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी व अनुदानित शाळेत येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची विनामूल्य तपासणी करतात, आणि वाढीतील विलंब हा त्यांच्या तपासणीचा एक भागच आहे. पुढील उपचारासाठी पाठविण्याची तजवीज त्या योजनेत आहे. परंतु पथक येते त्या दिवशी डॉक्टरांना हे सांगणार कोण, की या मुलीच्या हातून रोज काहीतरी पडते? ते शिक्षकाने आणि आईने सांगावयाचे आहे. दात, कान, नखे पाहून पथक पुढे जाईल. सांगितल्यावाचून त्यास हे कळणार नाही.

एक गोष्ट मात्र आईबापांच्या बाजूने न बोलता मी खाली बसलो तर ते योग्य होणार नाही. धाटावच्या कारखान्यात पाळी करून थकून आलेला बाप, किंवा घरोघरी धुणीभांडी करून परतलेली आई, फुटलेली वस्तू पाहून संतापते तेव्हा तो संताप निष्ठुर नसतो. त्या वस्तूत तिच्या दिवसाची मजुरी असते, कधी दोन दिवसांची असते. वस्तू जपणे हे आपल्या समाजात गरिबीने शिकविलेले शील आहे. फाटलेल्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या पिढ्यांचे आपण वंशज आहोत. त्या आईला मी ‘रागावू नका’ असे सांगणार नाही. राग येईल. येऊ द्यावा. फक्त त्या रागाला वस्तूचे नाव द्यावे, मुलाचे देऊ नये. ‘दोनशे रुपये गेले, मला फार वाईट वाटलं’ हे वाक्य मुलाला कळते आणि ते खरेही आहे. ‘तू आहेसच तसा’ हे वाक्य मूल उराशी बाळगते आणि पुढची वीस वर्षे त्याप्रमाणे वागते. थोरल्या वर्गातली मुले मी अशी पाहिली आहेत की ज्यांच्या हातून कित्येक महिन्यांत काहीही फुटले नव्हते, तरी वर्गात काच फुटल्याचा आवाज झाला की ती आपण होऊन उभी राहत.

शेवटी या सभागृहात बसलेल्या मुख्याध्यापकांना, शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांना एक विनंती करतो. येत्या जूनपूर्वी आपल्या प्रत्येक वर्गाच्या दाराशी, मुलांच्या खांद्याच्या उंचीवर, पटावर जितकी मुले तितक्या खुंट्या ठोकून घ्या, प्रत्येक खुंटीखाली मुलाचे नाव लिहा, आणि ज्याला अजून वाचता येत नाही त्याच्यासाठी फुलाचे, माशाचे, होडीचे चित्र काढा. शाळा सुटताना शिक्षकाने दारात उभे राहून रिकाम्या न झालेल्या खुंट्यांकडे पाहावे, मुलाला नावाने हाक मारावी आणि छत्री त्याच्या हातात द्यावी. लाकूड आणि खिळे यांचा खर्च गावाला जड नाही. तो गावाने उचलावा, आणि हे काम मे महिन्यातच पुरे करावे, कारण पाऊस सुरू झाल्यावर सुतार मिळत नाहीत.